मोठ्या मामांची वही

माझ्या आजोळी निवडणुकीचं साल आकड्यात सांगायची रीत नाही. ‘जड धानाच्या कडपा भिजल्या त्या वर्षीची’, ‘तुडतुड्यानं बांध्या खाल्ल्या त्याच्या नंतरची’, ‘आबाजींनी, म्हणजे माझ्या आजोबांनी, पहिल्यांदा बटन दाबलं ती’ अशा खुणांनी सगळं ओळखायचं. आकडे हवेच असतील तर मोठ्या मामांची वही काढायची. लाल कापडी बांधणीची, लांबट, दुकानदार उधारीला ठेवतात तसली ती वही. पुढून उघडली की धानाचा हिशेब: किती खंडी झाले, बियाण्याला किती ठेवले, गड्याला किती मोजले, भाव काय मिळाला. मागून उघडली की निवडणुका. दोन्ही हिशेब वर्षागणिक एकमेकांकडे सरकत आलेत आणि मधे आता जेमतेम आठ-दहा पानं कोरी उरली आहेत.

गाव भंडारा जिल्ह्याच्या लाखांदूर तालुक्यातलं, चुलबंद नदीच्या अंगाचं. लहानपणी नागपूरहून एसटीनं साकोली, तिथून दुसरी गाडी, आणि फाट्यावर मामांची बंडी उभी. गाव यायच्या आधी बोड्या, म्हणजे लहान तळी, लागायच्या, मग मोठा मालगुजारी तलाव, त्यात शिंगाड्याचे हिरवे वेल पसरलेले. हिवाळ्यात गेलं की आजी उकडलेल्या शिंगाड्यांची टोपली पुढ्यात ठेवी आणि आम्ही बोटं काळी करून घेत असू. रात्री लाखोळीच्या डाळीचं वरण, नव्या तांदळाचा भात, वांगे-पोपटाची भाजी. लाखोळी विकायला तेव्हा सरकारी बंदी होती, ती खाल्ल्यानं पाय लुळे पडतात असं शहरात सगळे म्हणत. आजी म्हणे, “आमी जनमभर खाल्ली, चालतो ना!” आणि वाटीभर वरण आणखी वाढे.

जेवणं झाली की ओट्यावर गोष्टी. भुताच्या, वाघाच्या, मंडईतल्या दंडारीच्या, आणि त्यांच्या मधे, तितक्याच रंगून, निवडणुकांच्या. मला बरीच वर्षं वाटायचं की सगळ्यांच्याच घरी निवडणुकीच्या गोष्टी सांगत असतील.

पहिली गोष्ट नेहमी आजीच्या नावाची.

1951-52 साली देशातली पहिली निवडणूक झाली तेव्हा भंडारा जिल्हा मध्य प्रदेशात होता आणि त्या राज्याची राजधानी नागपूर होती. मतदारांची नावं लिहून घ्यायला गावात गुरुजी आले. आबाजींनी आपलं नाव सांगितलं. आजी दाराआड. गुरुजींनी विचारलं, “बाई, तुमचं नाव?” आजी आतून म्हणाली, “माहं नाव कायले पायजे तुमाले? मालकाचं लिवलं ना!” परक्या पुरुषासमोर आपलं नाव उच्चारायचं नाही आणि नवऱ्याचं तर मुळीच घ्यायचं नाही, अशी तेव्हाची रीत. आबाजींनी बायकोचं नाव सांगायला काय हरकत होती, हे मी एकदा विचारलं होतं. तेही म्हणे लाजले. अमक्याची बायको एवढंच लिहायची गुरुजींना परवानगी नव्हती. आजीचं नाव राहिलं.

पुढे कितीतरी वर्षांनी मी वाचलं की पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी तसा आदेशच काढला होता आणि स्वतःचं नाव न सांगितल्यामुळे देशभरातल्या सुमारे 28 लाख बायका यादीबाहेर राहिल्या होत्या. त्यांत तेव्हाच्या मध्य प्रदेशातल्याही होत्या. ते वाचताना मला आमच्या दाराची चौकट दिसली, तिच्यावरचं पिवळं तोरण दिसलं आणि दाराआडची आजी दिसली. त्या 28 लाखांत ही एक.

मतदानाच्या दिवशी ज्यांची नावं होती त्या बायका ठेवणीतली लुगडी नेसून गेल्या. आजी सांगे, “मी आपली सूप घेऊन तांदूर पाखडत बसली.” (झाडीबोलीत ‘ळ’ नाही, त्याचा ‘र’ होतो. आजीचा डोळाही डोराच.) ते तिच्या मनाला फार लागलं असणार, कारण हा प्रसंग ती दर वेळी सांगे आणि दर वेळी सुपापाशी आली की थांबे.

मग पुढच्या वेळी गुरुजी आले तेव्हा तिनं युक्ती केली. मोठे मामा तेव्हा सात-आठ वर्षांचे. तिनं त्यांना दाराआड ओढलं, त्यांच्या कानात आपलं नाव सांगितलं आणि ओट्यावर पिटाळलं. मामांनी ते गुरुजींना मोठ्यानं सांगितलं. आईचं नाव मामांनाही त्या क्षणीच कळलं म्हणतात. आज ऐंशीच्या घरात असलेले मामा अजून सांगतात, “मायचं नाव सरकारले मी सांगतलं.” त्यांनी आयुष्यात बाकी काय काय केलं त्याचा उल्लेख ते इतक्या अभिमानानं करत नाहीत.

म्हणून आजीचं पहिलं मत 1954 चं. मे महिन्यात लोकसभेची पोटनिवडणूक लागली आणि भंडाऱ्यातून उभे राहिले साक्षात डॉ. बाबासाहेब आंबेडकर. त्या काळी भंडारा मतदारसंघ दोन जागांचा होता, एक सर्वसाधारण आणि एक राखीव. प्रत्येक मतदाराला दोन मतपत्रिका मिळत. शिक्का मारायचा नव्हता. प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी, पेटीवर त्याचं चिन्ह आणि आपल्याला हव्या त्या पेटीत कागद टाकायचा. बाबासाहेबांच्या शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनचा हत्ती, काँग्रेसची बैलजोडी, प्रजा समाजवादी पक्षाचे अशोक मेहता यांची झोपडी. आजीला चिन्हं आवडायची. हत्ती तिनं तोवर प्रत्यक्ष पाहिलेला नव्हता, पण बैलजोडी आणि झोपडी तर घरचीच.

ते दिवस तेंदूपानांचे. माणसं पहाटे जंगलात जाऊन पानं तोडत, पुडे बांधत आणि ऊन चढल्यावर मतदानाला येत. आबाजी सांगत की ते भंडाऱ्याला बाबासाहेबांची सभा ऐकायला गेले होते, रात्रभर बंडीनं. मामा म्हणतात, गेले नव्हते. ज्यांनी ऐकली त्यांच्याकडून ऐकून आबाजींनी ती इतक्यांदा सांगितली की त्यांची स्वतःचीच झाली. मला दोघांचंही खरं वाटतं. आबाजी सभेतला काळा कोट सांगत, मे महिन्यातल्या घामाचं सांगत. एक गोष्ट मात्र ते हमखास सांगत. सर्वसाधारण जागेचं दुसरं मत कुणाला न देता कुजवावं, म्हणजे राखीव जागेवर फायदा होईल, असं काही कार्यकर्त्यांच्या मनात होतं. बाबासाहेबांनी ते मानलं नाही. ज्यानं घटना लिहिली तो मत वाया घालवा असं कसं सांगेल, अशी समजूत आबाजी स्वतःच्या शब्दांत घालत आणि ‘कुजवणं’ हा शब्द असा उच्चारत की पावसात कुजलेल्या कडपा डोळ्यांसमोर याव्यात.

सर्वसाधारण जागेवर अशोक मेहता निवडून आले. राखीव जागेवर काँग्रेसचे भाऊराव बोरकर जिंकले आणि बाबासाहेब 8,381 मतांनी हरले. मामांच्या वहीत मागच्या बाजूनं पहिलं पान उघडलं की हाच आकडा आहे. आबाजींनी तो जुन्या पंचांगाच्या समासात पेन्सिलीनं लिहून ठेवला होता, तिथून मामांनी उतरवला. पुढच्याच वर्षी भाऊराव बोरकर वारले आणि पुन्हा पोटनिवडणूक होऊन अनुसयाबाई बोरकर लोकसभेत गेल्या. आजीनं पहिल्या वेळी कुठल्या पेट्यांत कागद टाकले? आम्ही नातवंडांनी किती वेळा विचारलं असेल. आबाजींनीही विचारलं. तिनं कधीच, कुणालाच सांगितलं नाही. नाव सांगायला जड गेलेली बाई मत सांगायलाही तयार नव्हती, आणि दुसऱ्या बाबतीत ती कायद्याला धरून होती.

त्यानंतर आमचं गाव जागच्या जागी राहून राज्यं बदलत गेलं. 1956 ला द्विभाषिक मुंबई राज्य, 1960 ला महाराष्ट्र. आजीचा मुलूख बदलला नाही, पण तिच्या तक्रारींचं गाव बदललं: आधी नागपूर, मग एकदम मुंबई. 1967 ला अशोक मेहता पुन्हा भंडाऱ्यातून उभे राहिले. या वेळी ते काँग्रेसचे, म्हणजे बैलजोडीवर. आजी म्हणाली, “झोपडीवाला बैलजोडी घेऊन आला.” तिला त्यात गैर काही दिसलं नाही; झोपडी असली की बैलजोडी लागतेच. हे वाक्य घरात टिकलं आणि पुढे चाळीस वर्षांनी पुन्हा उपयोगी पडलं.

आता ज्यांच्यासाठी ही वही मी पुन्हा पुन्हा मागून घेतली, त्यांच्याकडे येते.

नाना पटोले साकोली तालुक्यातल्या सुकळीचे. शेतकऱ्याच्या घरचे, जिल्हा परिषदेपासून वर आलेले. मामांना जिल्हा परिषदेतून आलेल्या माणसाचं पहिल्यापासून कौतुक; त्याला रस्त्याची, पुलाची, शाळेच्या कौलांची नावं पाठ असतात म्हणतात. 1999 हे साल आमच्याकडे ‘जिल्हा तुटला ते साल’. 1 मे ला गोंदिया वेगळा जिल्हा झाला. धाकटे मामा गोंदियात शिकलेले, त्यांना फार वाईट वाटलं. आपलं शिक्षण दुसऱ्या जिल्ह्यात गेलं असं ते म्हणायचे. त्याच सप्टेंबरात, धान निसवायला लागले असताना, विधानसभेची निवडणूक झाली आणि लाखांदूर मतदारसंघातून काँग्रेसच्या हातावर नाना पटोले आमदार झाले. वहीत मागच्या बाजूला त्यांचं नाव पहिल्यांदा तिथं येतं. पुढच्या बाजूला त्या वर्षीचा हमीभाव लिहिलाय: क्विंटलला 490.

2004 चा उन्हाळा म्हणजे आबाजींच्या बटनाचा. लोकसभेला सगळ्या देशात मतदान यंत्रं आली. आबाजी आयुष्यभर कागदाला सरावलेले. बटन दाबलं, यंत्रानं लांब शिटी दिली आणि ते दचकून बाहेर आले. “माहं मत गेलं कुठं?” असं त्यांनी घरी येऊन विचारलं. कागद पेटीत पडताना दिसतो, हे दिसत नाही, हे त्यांचं दुःख होतं. ते समजावून सांगायला मामांना संध्याकाळ लागली. त्या निवडणुकीत गोंदियाचे प्रफुल्ल पटेल भाजपच्या शिशुपाल पटलेंकडून तीनेक हजार मतांनी पडले. ऑक्टोबरात, हलका धान कापत असताना विधानसभा झाली आणि लाखांदूरहून पटोले दुसऱ्यांदा निवडून आले. हमीभाव 560. आबाजींनी तेव्हा पुन्हा बटन दाबलं, या वेळी न दचकता. ते त्यांचं शेवटचं. पुढच्या निवडणुकीला ते नव्हते.

इथून पुढे वहीची पुढची बाजू आणि मागची बाजू माझ्या मनात एकत्र मिसळते, आणि मला वाटतं तसंच वाचायला हवं. पटोलेंची कारकीर्द पक्षांच्या नावांनी सांगायला बसलं तर ऐकणारा गोंधळतो: काँग्रेस, अपक्ष, भाजप, पुन्हा काँग्रेस. धानाच्या अंगानं सांगितली की माझ्या मामींनाही सलग सांगता येते. 2006 साली विदर्भातल्या शेतकऱ्यांसाठी पंतप्रधानांचं मोठं पॅकेज आलं ते सहा जिल्ह्यांना: अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा, वाशीम, वर्धा. सगळे कापसाचे. भंडाऱ्याचा धानवाला त्यात नव्हता. कापसाची दुखणी खोटी होती असं आमच्याकडे कुणी म्हणत नाही. माणसं मरत होती तिकडे. पण धानवाल्याच्या घरात ‘विदर्भाला पैसे मिळाले’ ही बातमी ऐकून ज्यांनी सातबारा काढून ठेवले, त्यांना ते परत पेटीत ठेवताना मी पाहिलंय. धानाचं दुखणं गाजावाजा करत नाही. परे सुकतात, रोवणी लांबते, कडपा भिजतात, पुंजण्याला वाळवी लागते, आणि शेवटी खरेदी केंद्रावर नेलं तर बारदाना संपलेला असतो.

शेतकऱ्यांच्या प्रश्नावरून पटोलेंनी काँग्रेस सोडली आणि 2009 च्या लोकसभेला अपक्ष उभे राहिले. निवडून प्रफुल्ल पटेल आले, पण पाठीशी कुठलाही पक्ष नसलेल्या पटोलेंना सव्वादोन लाखांच्या वर मतं पडली आणि ते दुसरे आले. त्याच वर्षी ऑक्टोबरात विधानसभा. तोवर मतदारसंघांची फेररचना झाली होती. लाखांदूर मतदारसंघच उरला नव्हता, अड्याळही गेला. जिल्ह्यात तीनच राहिले: तुमसर, भंडारा आणि साकोली. मामांना हे जिल्हा तुटण्याइतकंच लागलं. “आपलं गाव आता साकोलीत,” ते सांगत सुटले, जणू नदीनं पात्र बदललंय. पटोले साकोलीतून कमळावर उभे राहिले आणि जिंकले.

घरात यावरून मोठा वाद झाला. धाकटे मामा म्हणाले, माणसानं एका झेंड्याखाली राहावं. मोठे मामा म्हणाले, झेंडा धानाला पाणी देत नाही. मामींनी दोघांनाही जेवायला बसवलं. आमच्या घरी एका चुलीवर वरण शिजतं आणि मतं तीन ठिकाणी जातात, हे मी लहानपणापासून पाहत आले. पण त्या रात्री आवाज चढले होते. तेव्हा आजी, जिला आता नीट ऐकूही येत नव्हतं, कोपऱ्यातून म्हणाली, “झोपडीवाला बैलजोडी घेऊन आलता, तवा तुमी लाहान होतात.” आणि ते तिथंच थांबलं. तिचंही ते शेवटचं मतदान. मोठ्या मामांनी तिला पाठुंगळी घेऊन केंद्रावर नेलं होतं. तिनं ओळखपत्र स्वतःच्या मुठीत धरलं होतं, दुसऱ्या कुणाकडे दिलं नाही. त्यावर तिचं नाव छापलेलं होतं आणि ते दाखवायला आता तिची काही हरकत नव्हती. वाचायला तेवढी होती.

2014 ला पटोले भाजपकडून लोकसभेला उभे राहिले आणि त्यांनी प्रफुल्ल पटेलांना 1,49,254 मतांनी हरवलं. प्रफुल्लभाई म्हणजे गोंदियाच्या मनोहरभाई पटेलांचे चिरंजीव, केंद्रात मंत्री. मनोहरभाईंनी 1958 साली काढलेल्या गोंदिया एज्युकेशन सोसायटीनं या भागात किती शाळा-महाविद्यालयं उभी केली हे धाकट्या मामांना तोंडपाठ. त्यांनी त्या दिवशी जेवण केलं नाही. मोठ्या मामांनी आकडा वहीत लिहिला आणि धाकट्या भावाला दिसू नये म्हणून वही फडताळात वर ठेवली. असे ते दोघे. हमीभाव 1,360.

मग आलं तुडतुड्याचं साल, 2017. धान पिकत आला असताना बांधीत मधेच गोल गोल चट्टे दिसायला लागले, जणू कुणी तिथं शेकोटी केली होती. दोन-चार दिवसांत चट्टा पसरे आणि अख्खी बांधी तणसासारखी वाळे. मी दिवाळीनंतर गेले होते. मामा मला धुऱ्यावरून नेऊन एक रोप उपटून दाखवत होते. बुंध्याशी, पाण्याच्या वर चार बोटं, तपकिरी किडे इतके दाटीनं बसलेले की बुंधा दिसत नव्हता. मामांनी रोप झटकलं तसे ते पाण्यावर पडले आणि तिरके तिरके पोहत पुढच्या बुंध्याला जाऊन चिकटले. मामा काही बोलले नाहीत. त्या वर्षी कापसावर बोंडअळी होती; सरकारी मदतीच्या यादीत कापसाची बोंडअळी आणि धानाचा तुडतुडा शेजारी शेजारी लिहिले गेले. हमीभाव 1,550 होता, पण मोजायला धान हवे ना.

त्याच डिसेंबरात पटोलेंनी शेतकऱ्यांच्या प्रश्नावर सरकारवर टीका करत खासदारकी सोडली, भाजप सोडला आणि जानेवारीत ते काँग्रेसमध्ये परतले. साडेतीन वर्षांची खासदारकी, सत्तेतला पक्ष, आणि उरलेला दीड वर्षांचा काळ, हे सगळं त्यांनी सोडलं. यामागे काय काय हिशेब असतील ते राजकारणातले लोक जाणोत. आमच्या गावात त्या आठवड्यात ज्यांच्या बांध्या वाळल्या होत्या त्यांना ती बातमी वेगळी ऐकू आली, एवढं मी सांगू शकते.

म्हणून पुन्हा पोटनिवडणूक, आणि पुन्हा मे महिना. 28 मे 2018. मामा रांगेत कडुलिंबाच्या सावलीला उभे राहिले आणि त्यांना म्हणे आबाजींची आठवण येत राहिली: तेच ऊन, तेच तेंदूपानाचे दिवस, चौसष्ट वर्षांनी. ठिकठिकाणी यंत्रं बंद पडली. 49 केंद्रांवर 30 तारखेला फेरमतदान घ्यावं लागलं. राष्ट्रवादीचे मधुकर कुकडे 48,097 मतांनी निवडून आले. ते तुमसरचे, पूर्वी भाजपचे आमदार. आजी असती तर तिनं झोपडी आणि बैलजोडीचं वाक्य पुन्हा काढलं असतं.

2019 ला पटोले नागपुरात नितीन गडकरींसमोर लोकसभेला उभे राहिले आणि दोन लाखांहून जास्त मतांनी हरले. तेव्हा माझ्या मतदारसंघात आजोळचा उमेदवार आला, म्हणून मामांनी मला फोन केला. काय केलं ते मी त्यांना सांगितलं नाही. आजीची नात आहे मी. ऑक्टोबरात पटोले साकोलीतून परिणय फुकेंविरुद्ध 6,240 मतांनी जिंकले आणि 1 डिसेंबरला विधानसभेचे अध्यक्ष झाले, बिनविरोध.

हिवाळी अधिवेशन नागपुरात भरतं, आणि दर डिसेंबरात मामा आमच्याकडे उतरतात. कधी मोर्चाला, कधी नुसतेच. येताना पिशवीत नवा तांदूळ, लाखोळीची डाळ, वाळवलेले झिंगे. त्या वर्षी झिंग्यांचा वास घरभर असताना आम्ही टीव्हीसमोर बसलो होतो. पडद्यावर उंच आसनावर पटोले. मामा बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, “आता यायले बोलताच नाई येत का?” अध्यक्षानं दुसऱ्यांना बोलू द्यायचं असतं, हे त्यांना ठाऊक होतं, पण धानाचा विषय निघाला आणि आपल्या तालुक्याचा माणूस ‘बसा, बसा’ म्हणाला, तेव्हा मामांनी हातातली चहाची कपबशी खाली ठेवली. फेब्रुवारी 2021 मध्ये पटोले अध्यक्षपद सोडून प्रदेश काँग्रेसचे अध्यक्ष झाले, ते 2025 पर्यंत. मामांना ते बरं वाटलं. “आता बोलतील,” म्हणाले.

आणि मग 23 नोव्हेंबर 2024, शनिवार.

मी आदल्या संध्याकाळी पोचले होते. हलका धान घरी आला होता, जड धान पुंजण्यात. घरात नव्या तांदळाचा वास. हमीभाव 2,300, तो मामांनी आधीच लिहून ठेवलेला. सकाळपासून टीव्हीवर साकोलीचा आकडा वर जाई, खाली येई. दुपारी मामींनी भात वाढला तेव्हा नाना मागे होते, मठ्ठा वाढला तेव्हा पुढे. मामेभाऊ फोनवर, सून फोनवर, कुणाचं कुणाशी जुळेना. शेवटी आकडा थांबला: नाना पटोले 96,795, भाजपचे अविनाश ब्राह्मणकर 96,587. फरक 208.

घर गप्प झालं. ज्यांनी पटोलेंना मत दिलं होतं तेही आणि ज्यांनी दिलं नव्हतं तेही. एवढा कमी फरक आमच्या वहीत कधीच नव्हता. मामा म्हणाले, “दोनशे आठ म्हंजे किती व्हतेत?”

मामांच्या नातीनं बोटानं फोनवर काहीतरी करायला घेतलं. मामांनी तिला थांबवलं आणि ओट्यावरचं सूप ओढलं. त्यात बियाण्यासाठी निवडायला ठेवलेले धान होते. मूठभर दाणे घेऊन ते मोजायला लागले. एका मतदाराला एक दाणा, दहा झाले की ढिगली वेगळी. आपल्या घरापासून सुरुवात. “मी. तुही आजी. धाकटा. त्याची बायको.” एकेक दाणा बोटाच्या टोकानं सरकवून, नाव घेत. मग मधेच त्यांनी आणखी एक दाणा सरकवला आणि एक नाव घेतलं, मोठ्यानं, ओट्यावरून गुरुजींना सांगावं तसं. ते नाव मी पहिल्यांदाच कुणाच्या तोंडून ऐकत होते.

नात म्हणाली, “आबाजी, त्या कुठं आता?”

मामांनी तो दाणा उचलला नाही. सुताराचं घर घेतलं, गुरुजींच्या मुलाचं, तलावाकाठची ढिवरांची सहा घरं. ढिगल्या वीस झाल्या, आणि वर आठ दाणे. मामांनी मान वर करून बोडीकडे पाहिलं. टोलीतली अर्धी घरं अजून मोजायची राहिली होती.